तीनशे शहात्तर किलोमीटरवरचा डबा

डबा हातात घेतला आणि मला कळलं, काहीतरी बिनसलंय. डबा हलका होता.

"तिनं काही पाठवलं नाही?" मी रॉसला विचारलं.

"पाठवलं की. हा काय, डबा." रॉसनं हातमोजे काढून माझ्या काउंटरवर टाकले आणि कॉफीसाठी कप पुढे केला.

"डब्यात काही आहे का, ते विचारतेय."

"मी लोकांचे डबे उघडत नाही. विमान चालवतो."

मी झाकण काढलं. आत काहीच नव्हतं. स्वच्छ घासलेला, कोरडा पुसलेला, लखलखीत रिकामा डबा. चिमूटभर साखरसुद्धा नाही.

"तिनं स्वतः दिला? कशी दिसली?"

"कोट, टोपी, मफलर, चष्मा," रॉस म्हणाला. "इथं एप्रिलात माणूस एवढंच दिसतं, शैला. काय झालं?"

काय झालं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणजे सांगून कळण्यासारखं नव्हतं. मी त्याचा कप भरला आणि डबा काउंटरखाली ठेवला.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कॅनडाच्या पार उत्तरेला ग्रेपॉइंट नावाच्या गावात आम्ही तेव्हा राहायचो. सदानंद, म्हणजे माझा नवरा, तिथल्या वीजघरात डिझेल इंजिनांवर मेकॅनिक, आणि मी विमानतळावर चहा, कॉफी, सूप विकणारी बाई. विमानतळ म्हणजे एक लांबट पत्र्याची खोली आणि बाहेर खडीची धावपट्टी. रस्ता म्हणाल तर गावाबाहेर पाव तास चाललं की संपायचा. पुढे बर्फ, आणि बर्फाखाली कुठं जमीन आणि कुठं समुद्र, हे फक्त तिथल्या जुन्या माणसांना ठाऊक.

खोलीच्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. त्यावर ग्रेपॉइंटला एक टाचणी आणि वर, अगदी काठावर, स्टिलहार्बरला दुसरी. दोन्हींच्या मधे ताणलेला लाल दोरा. खाली कुणीतरी चिठ्ठी डकवलेली: अंतर तीनशे शहात्तर किलोमीटर, उड्डाण एक तास दहा मिनिटं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी रॉसचं छोटं विमान त्या दोऱ्यावरून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. पुढच्या अर्ध्या भागात दूध, अंडी, टायर, औषधं. मागच्या अर्ध्यात माणसं.

त्या रिकाम्या डब्याच्या दोन वर्षं आधी त्यानंच मला बातमी दिली होती.

"स्टिलहार्बरच्या दवाखान्यात तुझ्या गावची एक नर्स आलीय."

"माझ्या गावची? कशावरून?"

"फोनवर ओरडत होती. तू नवऱ्याशी बोलतेस त्याच भाषेत."

"मी नवऱ्यावर ओरडत नाही."

"तेच म्हणतोय. भाषा तीच, पण ओरडून."

त्या शुक्रवारी मी शंकरपाळ्यांचा डबा भरला, वर लोकरी टोपी चढवली आणि त्याच्या सीटमागे ठेवायला दिला. नाव माहीत नव्हतं, म्हणून कागदावर नुसतं 'सिस्टरना' लिहिलं. मंगळवारी डबा परत आला. आत मूठभर साखर.

मी काउंटरमागच्या स्टुलावर बसून रडले होते. आता हसू येतं. पण तुम्हीच बघा, शेजारच्या बायकांना मी तोवर किती काय काय देत आले होते. त्या बिचाऱ्या भांडं चकचकीत घासून, थँक्यू म्हणून परत आणून द्यायच्या. त्यांची चूक नाही. त्यांच्याकडे भांडं परत करायचं असतं. आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत, पुढच्या फेरीची सोय करून ठेवतात. इतक्या वर्षांत ती सोय पहिल्यांदा कुणीतरी केली होती.

बाईंचं नाव कुंदा रेठरेकर. शिक्षण मिरजेत, मग आखात, मग कॅनडा. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, एकट्या. फोनवर त्या माझ्याशी रोग्याशी बोलावं तशा बोलायच्या. काय होतंय, कधीपासून, बरं, ठेवते. पण डब्यातून मात्र छान बोलायच्या. कधी साखर, कधी तिथल्या बायकांनी वाळवलेली आंबट फळं, एकदा माझ्या गुडघ्यांसाठी मलम आणि त्यावर चिठ्ठी: 'रात्री लावणे. शहाणपणा करून दिवसा लावू नये.'

आम्ही भेटलो मात्र कधीच नव्हतो. एवढ्याशा अंतरावरचं माणूस नेहमी पुढच्या महिन्यात भेटायचं असतं. आणि आता तो पुढचा महिना यायचाच नव्हता, कारण मी ग्रेपॉइंट सोडून चालले होते.

येत्या शनिवारी दक्षिणेकडे जाणारं मोठं विमान होतं. तिथून टोरांटो, मुंबई, कराड. सदानंदला सांगितलं होतं, दोन महिन्यांसाठी बहिणीकडे जातेय. बहिणीनं मात्र माझ्यासाठी खालची खोली रंगवून घेतली होती, आणि दोघींनी मिळून खानावळ काढायची हेही ठरलं होतं. परत यायचं नाही हे फक्त तिला आणि मला ठाऊक.

भांडण? छे. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं भांडायलाही विषय कमी. दिवसभर इंजिनांच्या धडधडीत उभं राहून घरी आल्यावर सदानंदला शांतता लागायची, आणि दिवसभर शांततेत बसून मला माणसाचा आवाज. दोघांचंही काही चुकत नव्हतं. आठ हिवाळे असे गेले. शेवटी शेवटी मी फ्रिजशी बोलायला लागले, आणि एक दिवस फ्रिज घरघरला तेव्हा मी "हो ना" म्हणाले. त्या दिवशी मी बहिणीला फोन केला.

तर त्या मंगळवारी रिकामा डबा घेऊन मी घरी आले आणि आधी कुंदाताईंना फोन लावला.

"कुंदाताई, शैला बोलतेय. डबा मिळाला."

"बरं."

"तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? पेशंट बसलेत बाहेर. ठेवते."

ठेवलाच.

जेवायला बसलो. बटाट्याची भाजी धड जमली नव्हती. मसाल्याचा डबा मी रविवारीच रिकामा करून, घासून ओट्यावर पालथा घातला होता, आणि मोहरी-जिरं पिशव्यांत भरून ठेवलं होतं. त्या पिशव्यांना गाठी मारून ठेवलेल्या. फोडणीच्या वेळी एक सुटली नाही, मोहरीशिवायच भाजी केली. सदानंद मुकाट जेवत होता. भाजीबद्दल काही बोलला नाही. बोलण्यासारखी भाजी असती तरी बोलला नसता.

"कुंदाताईंचा डबा रिकामा आलाय," मी म्हणाले. फ्रिजला सांगावं तसंच सांगितलं.

सदानंदचा हात ताटातच थांबला.

"रिकामा?"

"घासून, पुसून. रागावल्या असतील का माझ्यावर? मागच्या वेळी चकल्या मऊ पडल्या होत्या खऱ्या..."

"आई गेली तेव्हा," सदानंद म्हणाला, "शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली होती. मी त्यांचा डबा घासून साखर घालत होतो, तर आत्या अंगावर आली. म्हणाली, दुःखाच्या घरातून भांडं भरून द्यायचं नाही."

एवढं बोलून तो परत जेवायला लागला. वर्षभरातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं असेल ते.

कुंदाताईंचं कुणीतरी गेलं होतं. आणि त्या पांढऱ्या गावात, जिथं रिकाम्या डब्याला नुसता रिकामा डबा म्हणतात, ती बाई कुणाला काही न सांगता पेशंट तपासत होती. तिच्या घरी कडू घास घेऊन जाणारं कोण होतं? अशा घरात तेव्हा चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात आणि समोर बसून चार घास खायला लावतात. आता शेजार म्हणाल तर मीच. तीनशे शहात्तर किलोमीटरवरची.

शुक्रवारी सकाळी पिठाच्या डब्याच्या तळाशी राहिलेलं ज्वारीचं पीठ खरवडून काढलं. तीन भाकऱ्या झाल्या. गाठी सोडून हळद, हिंग, मोहरी काढली, पिठलं केलं. डबा टॉवेलात गुंडाळला, वर टोपी.

"आज मीच जाऊन येते," मी सदानंदला म्हणाले. "विमान तिथं थोडा वेळ थांबतं. तेवढ्यात डबा देते, चार घास खायला लावते आणि त्याच विमानानं परत. उद्या निघायचंय."

"हं," सदानंद बूट चढवत म्हणाला.

रॉसनं मला मागच्या सीटवर बसवलं. शेजारी टिश्यूचे खोके होते. विमान वर चढलं तसं गाव काडेपेटीएवढं झालं आणि मग पुसलंच गेलं. नकाशावरचा लाल दोरा मी रोज बघत होते, पण त्या दोऱ्याखाली काय असतं ते कधी बघितलं नव्हतं. काहीच नसतं. एक झाड नाही, एक धूर नाही, कुणाची पाऊलवाट नाही. बघायला काहीच नाही, आणि तेही इतका वेळ. माझ्या मांडीवरचा डबा तेवढा गरम होता. वाटलं, या एवढ्या पांढऱ्यावरून दोन वर्षं माझ्या चकल्या येत-जात होत्या. त्यांचं मला कौतुक वाटलं. मी पहिल्यांदाच चालले होते आणि मला भीती वाटत होती.

उतरल्यावर रॉस म्हणाला, "शैला, ते बघतेस?" समुद्राच्या बाजूला करड्या रंगाची भिंत उभी होती. "धुकं. ते इथं पोचायच्या आत मी निघणार. सामान उतरलं की लगेच. तुला हाक मारायला कुणी येणार नाही. आणि हे विमान चुकलं तर पुढचं मंगळवारी."

"मंगळवारी चालणार नाही. उद्या माझं विमान आहे."

"म्हणून सांगतोय."

एका म्हाताऱ्यानं मला त्याच्या बर्फगाडीवर मागं बसवून दवाखान्यात सोडलं. आत बाकावर दोन बायका आणि एक शिंकणारा माणूस बसला होता. मी डबा मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. दुसरं काय करणार?

दार उघडलं. बुटकी, ताठ, पांढऱ्या केसांची बाई. चष्म्यावरून तिनं ओळीनं सगळ्यांकडं बघितलं, माझ्यावर नजर थांबली, मग डब्यावर. डबा ओळखीचा होता.

"शैला?"

"हो."

"बारीक आहेस की. आवाजावरून चांगली जाड वाटली होतीस."

"कुंदाताई, पिठलं-भाकरी आणलीय."

त्यांचा चेहरा हलला नाही. पण चष्मा काढून त्यांनी तो अंगातल्या कोटाला पुसला, परत घातला, परत काढला.

"तुला कुणी सांगितलं?"

"डब्यानं."

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांब येतात होय? ठेव तिथं. पेशंट झाले की बघते. तू जा, रॉस थांबत नाही."

"चार घास खा. मग जाते."

"अगं, लोक बसलेत."

बाकावरच्या बायकांना आमचं अक्षरही कळत नव्हतं. तरी त्यातली एक उठली, शिंकणाऱ्या माणसाला हाताला धरून उठवलं, आणि तिघंही बाहेरच्या खोलीत गेली. मृत्यूचं घर ओळखायला भाषा लागत नसावी.

कुंदाताईंनी हात धुतले. आतल्या खोलीत तपासणीच्या टेबलाशेजारी दोन खुर्च्या होत्या. कोपऱ्यात बिस्किटांचे रिकामे पुडे. मी डबा उघडला, भाकरीवर पिठलं घातलं, पुढे केलं. त्यांनी घास मोडला. हातात धरला. तोंडाशी नेला आणि तसाच खाली आणला.

बाहेर विमानाचं इंजिन सुरू झालं.

"जा तू," कुंदाताई म्हणाल्या. "पळत गेलीस तर पोचशील. मी खाते. खरंच खाते."

मी दाराकडं बघितलं. हे मी लपवणार नाही, बघितलं. कराडची रंगवलेली खोली त्या दारातून अगदी स्पष्ट दिसत होती. मग त्यांच्या हातातल्या घासाकडं बघितलं. पिठलं कोटाच्या बाहीवर ओघळत होतं. एवढी टापटिपीची बाई, पण तिला ते कळत नव्हतं.

मी खुर्ची पुढं ओढली आणि टेकून बसले.

इंजिनाचा आवाज वाढला, छपरावरून गेला, बारीक होत होत संपला. आम्ही दोघी वर बघत होतो.

"गेलं," कुंदाताई म्हणाल्या.

"गेलं."

"आता काय करशील?"

"आता तुम्ही खा. भाकरी गार होतेय."

त्यांनी घास तोंडात घातला. चावत राहिल्या, चावत राहिल्या. गिळला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न करता. दुसरा घास घेतल्यावर बोलल्या.

"माझा नवरा गेला. नवरा म्हणजे, होता तो. काडीमोड होऊन जमाना झाला. त्याची बायको आहे मिरजेत, दोन मुलं आहेत. सुतक त्यांना. भाच्यानं मला नुसता मेसेज केला, आपला कळवायचा म्हणून. मला कुठलं सुतक? मला कोण विचारणार, आणि इथं मी कुणाला काय सांगणार? माझ्या नवऱ्याची बायको विधवा झाली म्हणून?"

"मग डबा रिकामा का पाठवलात?"

त्यांनी डब्याचं झाकण जवळ ओढलं.

"तुझा डबा घासला. पुसला. साखरेची बरणी समोर होती," त्या म्हणाल्या. "हात गेला नाही गं."

बाहेर धुकं खिडकीपर्यंत आलं होतं. त्यांनी तीनपैकी दीड भाकरी खाल्ली. उरलेली दीड मला खायला लावली. मग कोट झटकून उठल्या आणि दार उघडून ओरडल्या, "पुढचा!" मराठीतच. शिंकणारा माणूस बरोबर आत आला.

दोन तासांनी दवाखान्याच्या फोनवरून मी वीजघरात फोन लावला. मागं इंजिनं धडधडत होती.

"अहो, मी इथंच अडकले. विमान गेलं."

"कळलं. रॉस मघाशी सांगून गेला, तू आली नाहीस म्हणून." मग थोडं थांबून, "खाल्लं का त्यांनी?"

"खाल्लं. उद्याचं माझं विमान चुकणार."

"हं."

पुढं काही येईना. इंजिनं धडधडत राहिली. मी ठेवणारच होते.

"शैला," तो म्हणाला, "तू परत येणार नव्हतीस ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मसाल्याचा डबा घासून पालथा घातलास."

"ते... दोन महिने घर बंद, किडे लागले असते म्हणून."

"घर बंद कुठं? मी आहे की घरात. आणि आठ वर्षांत इथं किडा बघितलास तू?" मला वाटतं तो हसायचा प्रयत्न करत होता. "मागच्या वेळी गेलीस तेव्हा डबा काठोकाठ भरून गेली होतीस. मी जळकी आमटी करत होतो त्यातून. या वेळी ओट्यावर तो पालथा बघितला आणि..."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? शब्द हुडकत होतो. रविवारपासून."

मी भिंतीला टेकले. समोर दवाखान्यातला नकाशा होता. इथला दोरा निळा होता, पण टाचण्या त्याच दोन. चिठ्ठीही तीच. एक तास दहा मिनिटं.

"मंगळवारी विमान आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"इकडून घरी येणारं."

"हो," सदानंद म्हणाला. "ते."

ते चार दिवस मी कुंदाताईंकडं राहिले. त्या फारसं बोलल्या नाहीत. मी बोलले, त्या ऐकत, मधेच "मग?" म्हणत. एवढंसं "मग?", पण ते ऐकायला मी किती भुकेली होते हे तिथं कळलं. मंगळवारी धावपट्टीवर मी डबा मागितला तर म्हणाल्या, "राहू दे. सुतक फिटलं की पाठवते." 'मला कुठलं सुतक' म्हणणाऱ्या त्या बाईंनी ते नीट दिवस मोजून पाळलं. पुढच्या महिन्यात डबा आला तेव्हा रॉसला तो एका हातानं उचलवत नव्हता. साखर झाकणाला भिडली होती.

मी घरी पोचले तेव्हा सदानंद कामावर होता. सूटकेस दाराशी तशीच उभी. ओट्यावर मसाल्याचा डबा सुलटा ठेवलेला.

झाकण काढलं. पिशव्यांच्या गाठी सोडून त्यानं सगळं भरलं होतं. हळद होती, तिखट होतं, मोहरी, जिरं, मेथ्या होत्या. हिंगाची वाटी इतकी भरलेली की घरभर वास. मधल्या सातव्या वाटीत मी काय ठेवते ते मात्र त्याला आठवलं नसावं. धने ठेवते. त्यानं त्यात साखर भरली होती.

मसाल्याच्या डब्यात साखर कुणी ठेवत नाही. हळदीनं पिवळी होते, हिंगानं वास धरते. आमच्याकडं मात्र त्या सातव्या वाटीत अजून तीच असते, आणि धन्यांची बरणी मी वेगळी केलीय.